डोक्याला मार आणि रक्तातली साक्ष

हैदराबादच्या अफझलगंजमधलं मुसीकाठचं उस्मानिया रुग्णालय घ्या, नाहीतर सिकंदराबादचं गांधी रुग्णालय. रात्री उशिरा अपघात विभागात येणाऱ्यांमध्ये एक रुग्ण हमखास दिसतो. तरुण, दुचाकीवरून पडलेला, कपाळावर खोक, शर्टावर रक्ताचे डाग, पण आपल्या पायांनी चालत आलेला. नाव विचारलं तर सांगतो, गाव विचारलं तर सांगतो, उलट ‘मला काही झालेलं नाही, घरी सोडा’ म्हणतो. बरोबरचा मित्र हळूच सांगतो की पडल्यावर मिनिटभर शुद्ध नव्हती, आणि येताना एकदा उलटी झाली. ड्युटीवरचा डॉक्टर डोळ्यांवर टॉर्च मारून बाहुल्या बघतो, हात दाबायला सांगतो, पाय उचलायला सांगतो आणि केसपेपरवर लिहितो : जीसीएस 15. म्हणजे पंधरापैकी पंधरा. तरीही त्या रुग्णाला घरी पाठवताना डॉक्टरच्या मनात धाकधूक असते.

ती उगाच नसते. कानशिलापाशी कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी हाडाला बिलगून जाते. फटक्याने हाड तडकलं की कधी कधी ती धमनीही फाटते. रक्त हाड आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये साचू लागतं. कवटी काही ताणली जात नाही, त्यामुळे साचणाऱ्या रक्ताला जागा करून द्यावी लागते ती मेंदूलाच. हे व्हायला कधी अर्धा तास लागतो, कधी काही तास. तोवर माणूस बोलत असतो, चहा मागत असतो.

क्रिकेटवेड्या वाचकांना रमण लांबा आठवत असेल. भारताकडून कसोटी खेळलेला हा फलंदाज 20 फेब्रुवारी 1998 रोजी ढाक्यात एका क्लब सामन्यात फलंदाजाच्या अगदी जवळ, शॉर्ट लेगला, हेल्मेट न घालता उभा होता. फटका थेट डोक्यावर बसला. तो उठला आणि चालत ड्रेसिंग रूममध्ये गेला. थोड्या वेळाने प्रकृती बिघडली, शस्त्रक्रिया झाली, पण 23 फेब्रुवारीला तो गेला. वय 38. मैदानातून चालत बाहेर पडलेल्या त्या माणसाला त्या मिनिटाला कुणी तपासलं असतं, तर जीसीएस बहुधा पैकीच्या पैकीच भरला असता.

हे जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोघांनी 1974 मध्ये ते मांडलं. डोळे उघडण्याला 4 गुण, बोलण्याला 5, हालचालीला 6. कमीत कमी 3, जास्तीत जास्त 15. कुठल्याही यंत्राशिवाय, कुठल्याही खेड्यात, दोन मिनिटांत मोजता येतं, म्हणून पन्नास वर्षं ते जगभर टिकून आहे. पण ते सांगतं मेंदू या क्षणी कसा वागतोय. आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. 13 ते 15 गुणांच्या दुखापतीला वैद्यकात ‘सौम्य’ म्हणतात, आणि डोक्याला मार लागून येणाऱ्यांपैकी बहुतेक जण याच गटात असतात. त्यातल्या कुणाच्या डोक्यात रक्त साचतंय, हे शोधणं हाच सगळा पेच.

आतलं दाखवतो तो सीटी स्कॅन. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने 1 ऑक्टोबर 1971 रोजी विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूचे काप टिपले, आणि मेंदूच्या शल्यचिकित्सेचा चेहरामोहरा बदलला. मग सगळ्यांचाच सीटी का काढू नये? मोठ्या शहरात जवळपास तसंच होतं. मात्र सौम्य गटातल्या दहापैकी नऊ जणांच्या स्कॅनमध्ये काहीच निघत नाही. क्ष-किरणांचा डोस, रुग्णाचे पैसे आणि यंत्रापुढची रांग, तिन्ही खर्ची पडतात. रांगेत पुढे असलेल्या नऊ जणांमुळे दहाव्याचा नंबर उशिरा लागतो, ही यातली सगळ्यात वाईट बाजू.

शहराबाहेर प्रश्न आणखी वेगळा होतो. अकोल्याहून निघून वाशीम, हिंगोली, नांदेड, देगलूर करत संगारेड्डीला उतरणारा राष्ट्रीय महामार्ग 161 बघा. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. हद्दी बदलल्या, पण मोठं दुखणं म्हटलं की हैदराबाद गाठायचं, ही नांदेड जिल्ह्यातली सवय अजून गेलेली नाही. समजा, देगलूरजवळ रात्री दोघे जण मोटरसायकलवरून पडले. दोघेही बोलतात, दोघांनाही मळमळतंय. नांदेडच्या विष्णुपुरीतलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारे ऐंशी किलोमीटरवर, हैदराबाद त्याच्या दुपटीहून लांब. कुणाला पाठवायचं, कुणाला रात्रभर नजरेखाली ठेवायचं? तालुक्याच्या डॉक्टरपुढे टॉर्च आणि केसपेपर एवढंच असतं. तो दोघांनाही पाठवतो, आणि त्याच्या जागी कुणीही तेच करील. पाठवणं म्हणजे गाडी, सोबत दोन माणसं, बुडालेली मजुरी आणि रात्रीचा तोच रस्ता.

छातीत कळ आली तर याच डॉक्टरच्या हातात आज निदान एक साधन असतं. हृदयाचा स्नायू मरू लागला की त्यातलं ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं. रक्त काढायचं, ट्रोपोनिन मोजायचं, निर्णय घ्यायचा. मेंदूसाठी असं काही का नव्हतं? कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती शरीरातल्या इतर ठिकाणांपेक्षा फार घट्ट विणीच्या असतात. रक्तातलं सगळं मेंदूत शिरत नाही आणि मेंदूतलं सहजासहजी रक्तात येत नाही. मार लागल्यावर जे झिरपतं ते इतकं थोडं, की ते पिकोग्रॅममध्ये मोजावं लागतं. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. एवढं सूक्ष्म मोजमाप रोजच्या वापरात यायलाच एकविसावं शतक उजाडलं.

पहिला प्रयत्न झाला एस100बी या प्रथिनावर. ते मेंदूत भरपूर असतं. डोक्याला मार लागल्यापासून सहा तासांच्या आत रक्तात त्याचं प्रमाण ठरावीक मर्यादेखाली असेल तर निवडक रुग्णांचा सीटी टाळता येतो, असं स्कँडिनेव्हियातल्या डॉक्टरांनी 2013 च्या मार्गदर्शिकेत मान्य केलं. पण एस100बी चरबीतही असतं, त्वचेच्या रंगपेशींतही असतं. मोटरसायकलवरून पडलेल्याचं फक्त डोकंच आपटत नाही, मांडीचं हाड मोडतं, खांदा निखळतो. हाड मोडलं तरी एस100बी वाढतं. मग ते मेंदूतून आलं की मांडीतून, कसं ओळखायचं? बर्फावर घसरून पडणाऱ्या स्वीडनच्या म्हाताऱ्यांपेक्षा आपल्या रस्त्यांवर ही अडचण कितीतरी मोठी.

खरी वाट दोन वेगळ्या प्रथिनांनी दाखवली. पहिलं जीएफएपी. मेंदूत चेतापेशींच्या जोडीने तारकापेशी असतात. त्या चेतापेशींना आधार देतात, त्यांचं पोषण बघतात, रक्तवाहिन्यांभोवतीची ती घट्ट वीण राखतात. या तारकापेशींच्या आत जीएफएपीचे तंतू असतात, मांडवाच्या बांबूंसारखे. मांडव कोसळला की बांबूंच्या चिपा चहूकडे उडतात, तसे या प्रथिनाचे तुकडे रक्तात येतात. अमेरिकेतल्या लॉरेन्स एंग यांनी सत्तरच्या दशकाच्या तोंडावर ते पहिल्यांदा वेगळं केलं, तेही मल्टिपल स्क्लेरोसिस या वेगळ्याच आजाराने मेलेल्या माणसांच्या मेंदूतून. डोक्याचा मार तेव्हा कुणाच्या मनातही नव्हता. दुसरं प्रथिन यूसीएच-एल1. ते चेतापेशीचं स्वतःचं, पेशीतल्या टाकाऊ प्रथिनांची विल्हेवाट लावायला मदत करणारं, आणि चेतापेशींत मुबलक.

दोन प्रथिनं का लागतात, ते ऑर्लँडोच्या लिंडा पापा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून कळतं. अपघात विभागात आलेल्या 584 जखमींचं रक्त त्यांनी पुन्हा पुन्हा काढलं, आणि 2016 मध्ये वेळेनुसार आलेख मांडला. दोन्ही प्रथिनं तासाभरात रक्तात दिसू लागतात. यूसीएच-एल1 आठव्या तासाच्या सुमारास कळस गाठतं आणि दोन दिवसांत ओसरतं. जीएफएपी सावकाश चढतं, विसाव्या तासाच्या आसपास शिखरावर पोचतं आणि तीन दिवसांनंतरही हाती लागतं. पडल्यापासून किती वेळ गेला, हे माहीत नसेल तर आकडा अर्धवट बोलतो. या मुद्द्याकडे मी शेवटी परत येणार आहे, कारण तो डॉक्टरच्या नाही, आपल्या हातातला आहे.

या संशोधनाला पैसा मुख्यतः अमेरिकी लष्कराने पुरवला. इराक आणि अफगाणिस्तानात रस्त्याकडेला पेरलेल्या बॉम्बच्या स्फोटांत सापडून वरकरणी धडधाकट राहिलेले हजारो सैनिक त्यांच्यापुढे होते. फ्लोरिडात सुरू झालेल्या बनियन बायोमार्कर्स या कंपनीच्या चाचणीची परीक्षा अमेरिका आणि युरोपातल्या 22 केंद्रांवर झाली आणि 14 फेब्रुवारी 2018 रोजी अमेरिकी औषध प्रशासनाने तिला परवानगी दिली. डोक्याच्या दुखापतीसाठी त्या देशाने मान्य केलेली ही पहिली रक्तचाचणी.

त्या परीक्षेचे आकडे नीट बघण्यासारखे आहेत, कारण बातम्यांमध्ये त्यांचा एकच पैलू येतो. एकूण रुग्ण 1,959. सगळ्यांचा सीटी काढला. 125 जणांच्या डोक्यात काही ना काही इजा दिसली, म्हणजे सुमारे सहा टक्के. रक्तचाचणीने 671 जणांना ‘नाही’ म्हटलं, आणि त्यातल्या फक्त तिघांच्या स्कॅनमध्ये इजा होती. ज्यांना मेंदूच्या शस्त्रक्रियेची गरज पडू शकत होती असे आठ जण होते. त्यातला एकही तिच्या नजरेतून सुटला नाही. ‘नाही’ म्हणण्यात ही चाचणी इतकी पक्की आहे.

पण तिने ‘हो’ किती जणांना म्हटलं? उरलेल्या सगळ्यांना, म्हणजे 1,288 जणांना. त्यांच्यापैकी स्कॅनमध्ये इजा सापडली ती 122 जणांच्या. म्हणजे अहवाल पॉझिटिव्ह आला म्हणून डोक्यात रक्त साचलंय असं मुळीच नव्हे. दहातल्या नऊ जणांचा स्कॅन तेव्हाही साफच निघतो. ‘एका थेंबात मेंदूचं निदान’ असले मथळे वाचताना हे ध्यानात ठेवायला हवं. शंभरातल्या चौतीस जणांना ही चाचणी सीटीच्या खोलीपासून वाचवते, बाकीच्यांना ती तिकडेच पाठवते. तिचं खरं काम एवढंच, आणि तेवढं फार मोठं आहे.

सुरुवातीला ही चाचणी प्रयोगशाळेतच व्हायची, काही तास खायची. 2021 च्या जानेवारीत अ‍ॅबट कंपनीच्या हातात मावणाऱ्या आय-स्टॅट यंत्रावर ती आली. तेव्हा रक्त गरागरा फिरवून त्यातला द्रव वेगळा करावा लागे, म्हणजे सेंट्रिफ्यूज आलं, वीज आली, तंत्रज्ञ आला. एप्रिल 2024 मध्ये ती अट गेली. आता शिरेतून काढलेलं रक्त तसंच्या तसं, काही थेंब, काडेपेटीहून थोड्या मोठ्या प्लास्टिकच्या कार्ट्रिजमध्ये सोडायचं, झाकण बंद करायचं, कार्ट्रिज यंत्रात सरकवायचं. पंधरा मिनिटांनी पडद्यावर दोन्ही प्रथिनांचा निकाल. रुग्ण अठरा वर्षांवरचा हवा, जीसीएस 13 ते 15 हवा आणि दुखापत होऊन चोवीस तास उलटलेले नसावेत. लहान मुलांसाठी या यंत्राला मान्यता नाही, हे आईबापांनी लक्षात ठेवावं.

मला या चाचणीचा सगळ्यात मोठा उपयोग दिसतो तो दारू प्यालेल्या जखमीसाठी. अपघात विभागातलं हे रोजचं दुखणं. तोंडाला वास येतोय, बोलणं अडखळतंय, झापड येतेय. ती दारूची की आत साचणाऱ्या रक्ताची? जीसीएस इथे गोंधळतं, कारण ते वागणुकीवरून गुण देतं. ‘उतरली की उठेल’ म्हणून कोपऱ्यातल्या स्ट्रेचरवर ठेवलेला माणूस पहाटे उठत नाही, ही गोष्ट कुठल्याही शहरातल्या सरकारी रुग्णालयाला नवी नाही. दारूने जीभ अडखळते, पण मेंदूतलं प्रथिन रक्तात उतरलंय की नाही, ते मोजता येतंच. उलट साठी-सत्तरीतल्या माणसांत ही चाचणी तितकी उपयोगी पडत नाही. वयाबरोबर जीएफएपी आपोआप वाढतं, अल्झायमरमध्ये वाढतं, मेंदूत रक्तस्राव होऊन आलेल्या पक्षाघातातही वाढतं. आजोबा न्हाणीघरात घसरले तर त्यांचा सीटी बहुधा काढावाच लागणार.

सीटी साफ निघाला म्हणजे मेंदूला काही झालं नाही, हा समजही या प्रथिनांनी मोडला. अमेरिकेतल्या ट्रॅक-टीबीआय या मोठ्या अभ्यासात सीटी नॉर्मल आलेल्या 450 रुग्णांचा पुढे एमआरआय काढला. 120 जणांच्या मेंदूत इजा सापडली, आणि त्यांच्या रक्तातलं जीएफएपी इतरांपेक्षा पुष्कळ जास्त होतं. ‘स्कॅन नॉर्मल आहे, आता कामाला लागा’ असं सांगून घरी धाडलेल्या माणसाला पुढे महिनोन्‌महिने डोकेदुखी होते, हिशेब चुकतो, चिडचिड वाढते, आणि घरचे म्हणतात नाटक करतोय. त्याच्या तक्रारीला आता रक्तात पुरावा मिळू शकतो. मे 2025 मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी डोक्याच्या दुखापतीची नवी वर्गवारी सुचवली. तिच्यात जीसीएस आणि स्कॅनच्या बरोबरीने रक्तातल्या या खुणांना जागा दिली आहे.

हैदराबादकडे परत येऊ. तातडीच्या सेवेचा देशभर गेलेला 108 क्रमांक 15 ऑगस्ट 2005 रोजी याच शहरात सुरू झाला. महाराष्ट्रात तो 2014 मध्ये आला. त्या रुग्णवाहिकांनी जखमीला रस्त्यावरून उचलण्याचा प्रश्न बराच सोडवला. उचलून कुठे न्यायचं, हा प्रश्न मात्र अजून अंदाजाने सुटतो. रक्तचाचणीची जागा मला तिथे दिसते. हैदराबाद-पुण्याच्या पंचतारांकित रुग्णालयांत सीटी शेजारच्याच खोलीत असतो. तिथे ही चाचणी आली तर बिलात एक ओळ वाढेल, फार काही होणार नाही. ती हवी देगलूरला, बिलोलीला, झहीराबादला. अर्थात त्याआधी इथल्या रुग्णांवर तिचा पडताळा व्हायला हवा, कारण वरचे सगळे आकडे अमेरिका-युरोपातले आहेत, आणि कार्ट्रिजची किंमत सरकारी खरेदीला परवडेल इतकी खाली यायला हवी. शंभरातल्या चौतीस जणांचा रात्रीचा फेरा वाचला आणि उरलेल्यांना विनाविलंब गाडी मिळाली, तर तेवढ्याने जीव वाचतील. आयसीएमआरच्या सहकार्याने आपल्याकडे ‘सेरेबो’ हे डोक्यावर धरून अवरक्त किरणांनी रक्ताची गाठ शोधणारं यंत्रही तयार झालं आहे. अशा प्रकाशाला खोलवरचं दिसत नाही, रक्तचाचणीला जागा कळत नाही. दोन्ही साधनं हाताशी असली तर तालुक्याचा डॉक्टर आजच्यापेक्षा पुष्कळ सावरेल.

आणि हे सगळं ज्याच्यामुळे लागतं, त्याबद्दल बोललंच पाहिजे. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं मेली. सुमारे पन्नास हजार मृत्यू हेल्मेट न घातलेल्यांचे. राखी दांडोना आणि सहकाऱ्यांनी वीसेक वर्षांपूर्वी हैदराबादच्या पेट्रोल पंपांवर हजारो दुचाकीस्वारांशी बोलून अभ्यास केला, तेव्हा दहातले सुमारे सात जण हेल्मेट घालत नव्हते किंवा क्वचितच घालत होते. कुठलंही प्रथिन मोजायची वेळ न येऊ देणारी वस्तू दुकानात मिळते आणि पेट्रोलच्या दोन-चार टाक्यांच्या किमतीत येते.

राहिली वेळेची गोष्ट. चाचणी असो वा नसो, डोक्याला मार लागलेल्या माणसाला नेताना घड्याळ बघा आणि तो किती वाजता पडला ते लिहून घ्या. ‘संध्याकाळी कधीतरी’ हे उत्तर डॉक्टरच्या काही कामाचं नाही. शुद्ध गेली होती का, उलट्या किती झाल्या, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का, हेही सांगा. डॉक्टरने घरी सोडलं तरी पहिली रात्र कुणीतरी जवळ झोपा. अशा माणसाला झोपूच द्यायचं नाही असा समज आहे. झोपेत धोका नाही, हाक मारून उठत नसेल तर आहे. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट, एका डोळ्याची बाहुली मोठी, नाकाकानातून पाणी किंवा रक्त, यातलं एकही दिसलं तर कुठल्याही रक्तचाचणीसाठी थांबू नका. 108 ला फोन करा आणि जिथे सीटी आहे तिथेच न्यायला सांगा.